बाणाचा खापरपणजोबा

शेरिमकुल आमच्यात वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे बाइके, थोरले दादा. बाकी आम्ही पोरंटोरं. बिश्केकमध्ये एका दातांच्या दवाखान्यावर आमची दोन खोल्यांची गेम कंपनी. खालून दात कोरायचा आवाज आला की बाइके मला म्हणायचे, "ऐक कनिशाय, तुझ्यापेक्षा जास्त किरकिरणारं कुणीतरी आहे."

आमच्या गेममधला गडी डोंगरात घोडा पळवतो, शिकार करतो, गरुड सोडतो. तो जे जे शिकत जातो, त्या सगळ्या कौशल्यांचा कोड बाइकेंचा. तो त्यांनी लिहिला होता आपल्या रीतीनं: प्रत्येक कौशल्याला बाप, त्या बापाला बाप, थेट सात पिढ्या. घोड्यावरून मारलेला बाण निम्मे गुण साध्या बाणाकडून घ्यायचा, साधा बाण धनुष्य ताणण्याकडून, असं वर वर. मोठं देखणं खानदान! फक्त कुणी लगामाच्या कोडला हात लावला की तिकडे गरुड हातावर परत यायचा बंद. मग बाइकेंना हाक. कुठल्या पिढीत काय बिघडलं ते त्यांना तोंडपाठ, दुसऱ्या कुणाच्या बापाला कळायचं नाही.

"बाइके, बाणाला खापरपणजोबा लागतो कशाला?" मी वैतागून विचारायचे.

ते आमची जुनी किर्गिझ म्हण तोंडावर मारायचे: ज्याला आपले सात बाप सांगता येत नाहीत तो गुलाम. झालं, पुढे बोलायची सोयच नाही.

पानगळीच्या दिवसांत त्यांनी मला जिन्यात गाठलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोक्यातलं सगळं हळूहळू पुसलं जाणार. आधी अलीकडचं, मग मागचं. उद्या पाणी येणार नाही असं सांगावं, तसं सांगितलं त्यांनी.

"कोड सगळा माझ्या डोक्यात आहे, पोरी. डोकं जायच्या आत तो बाहेर काढायचाय. नाहीतर गेम माझ्याबरोबर बुडेल आणि तुमच्या पोटावर पाय येईल."

घरी बुरुलवहिनींखेरीज हे फक्त मला ठाऊक होतं. तेव्हापासून एकच रीत ठरली. त्यांनी लिहायचं, मी वाचायचं, आणि जिथे मला विचारावं लागेल तिथे त्यांनी पुन्हा लिहायचं. मी विचारून विचारून त्यांचं डोकं खाल्लं. नावं सोपी झाली, लांबण कमी झाली. पण सात पिढ्यांना म्हातारा हात लावू देईना. मीही हट्टाला पेटले. भांडायचो आणि एकाच ताटलीतले तळलेले बोर्सोक खायचो.

काम सुरू करण्याआधी चहा ओतताना बाइके स्वतःचे सात बाप पुटपुटायचे. जपच तो त्यांचा. एक दिवस पाचव्याला अडखळले. पुन्हा वडिलांपासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. पुढचं नाव मी सुचवावं, तर त्यांचे पूर्वज मला थोडेच ठाऊक!

त्यांनी चहाचा वाडगा खाली ठेवला. "ज्याला स्वतःचा पाचवा सापडत नाही, त्यानं बाणाला पिढ्या देऊ नयेत."

त्याच दुपारी त्यांनी कोडमधल्या पिढ्या छाटायला घेतल्या. थंडीभर छाटत राहिले. आता प्रत्येक कौशल्य आपल्या पायावर उभं: आधी काय यायला हवं, केलं की काय होतं, पुन्हा करायला किती थांबायचं. बस्स. मी मुद्दाम लगाम बदलून बघितला. गरुड मुकाट हातावर येऊन बसला. मला विचारायला काही उरलं नाही. तसं मी त्यांना सांगितलं.

"मग मी सुटलो," ते म्हणाले. वसंतात त्यांनी येणं बंद केलं.

गेल्या आठवड्यात वहिनी त्यांना घेऊन आल्या. घरी सारखे कामाला निघायचं म्हणून दाराशी जाऊन उभे राहतात म्हणे. त्यांच्या जागेवर आता नवी मुलगी बसते. ती उठली, ते बसले. समोर तोच कोड उघडा होता. ओळीखालून बोट फिरवत त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"किती सोपं लिहिलंय," ते म्हणाले. "मलासुद्धा कळतंय. कुणी लिहिलं हे? त्या पोराला सोडू नका."

वहिनींनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"नाही सोडणार, बाइके," मी म्हणाले.

त्यांना बरं वाटलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी आपुलकीनं विचारलं, मी कुणाची मुलगी.