डेल्मरच्या पोराचं नाव

डेल्मर हॅग्लरने आपल्या मुलाचं नाव फुटबॉलच्या कोचवरून लॅडनर ठेवलं, तेव्हा गावात कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या हिवाळ्यात आमच्याकडे निदान चार लॅडनर जन्माला आले, शिवाय एका शिकारी कुत्र्याचंही तेच नाव होतं. पुढे बाकीच्या आईबापांनी शहाणपणा केला आणि ते पोरांना त्यांच्या दुसऱ्या नावाने हाका मारायला लागले. कुत्रा मेला. डेल्मर तेवढा अडून बसला.

कोच व्हॉन लॅडनर आला तेव्हा आमच्या वेलबर्न कॉलेजचा संघ वर्षानुवर्षं मार खात होता. त्याने पहिल्याच मोसमात दहा सामने जिंकून दिले. आमच्या हाडवैरी मार्लो कॉलेजलासुद्धा हरवलं, आणि मार्लोला हरवणं म्हणजे काय हे अलाबामाच्या ह्या कोपऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्या शनिवारी थोरामोठ्यांना मी रडताना पाहिलं. डेल्मरची बायको नोरीन तेव्हा दिवस भरलेली होती. मंगळवारी मुलगा झाला, आणि नाव काय ठेवायचं हा प्रश्नच उरला नव्हता.

त्यानंतर चार वर्षं आमची जी धूळधाण झाली, ती आठवायचंही आता जिवावर येतं. शेवटचा घाव मार्लोच्याच मैदानावर बसला. आम्ही पुढे होतो, चेंडू आमच्याकडे होता, घड्याळात जेमतेम वेळ उरला होता. आमच्या फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पळतात; अशा वेळी मात्र तो धरून जमिनीला गुडघा टेकायचा, बस. घड्याळ संपतं, सामना आपला. शाळकरी पोरालाही हे कळतं. लॅडनरने पोराला चेंडू घेऊन पळायला लावलं. चेंडू हातातून निसटला, मार्लोच्या पोराने तो उचलला आणि थेट आमच्या टोकापर्यंत पळत जाऊन सामना नेला. सोमवारी कोचची नोकरी गेली.

कोच गेला, पण शब्द मागे राहिला. आमच्या गावात होत आलेलं काम हाताने घालवलं की त्याला ‘लॅडनर करणं’ म्हणतात. वाढपिणीच्या हातून बशी पडली की कुणीतरी ओरडतंच, “अगं, लॅडनर केलंस की!” बँकेत म्हणतात, चर्चमध्ये म्हणतात. मीही म्हणतो. आणि ह्याच गावात डेल्मरचा मुलगा ते नाव घेऊन शाळेत गेला, मोठा झाला, वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करायला लोकांच्या घरी जाऊ लागला. शर्टाच्या खिशावर नाव शिवलेलं असायचं.

डेल्मर तसा गरीब स्वभावाचा माणूस. जन्मभर त्याने गॅसचा ट्रक चालवून घरोघरच्या टाक्या भरल्या. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसायचा. पण कोच लॅडनरचा विषय निघाला की हाच माणूस पेटायचा.

विषय दर सोमवारी निघायचा. जुनीबाईच्या खानावळीत कोपऱ्यातलं मोठं टेबल आमचं. मी, डेल्मर, हायस्कूलचे माजी मुख्याध्यापक वेल्डन, आणि येतील ते. मक्याच्या कण्यांची पेज, अंडी, काळी कॉफी, आणि शनिवारच्या पराभवाचं शवविच्छेदन. लॅडनरनंतर कितीतरी कोच आले, हरले, गेले. पण तुलना करायची तर सुरुवात त्याच्यापासूनच. खरं सांगू? मला ह्या सगळ्याचा उबग आला होता. तरी दर सोमवारी जायचो. दुसरं जायचं कुठे?

मागच्या शरद ऋतूत आणखी एका कोचची हकालपट्टी झाली, त्या सोमवारची गोष्ट.

वेल्डन म्हणाला, “काहीही म्हणा, हा लॅडनरपेक्षा वाईट नव्हता. त्याच्यापेक्षा वाईट व्हायला देवाची खास कृपा लागते.”

“पहिल्या वर्षी दहा सामने कुणी जिंकून दिले रे?” डेल्मरने काटा खाली ठेवला.

“आधीच्या कोचने गोळा केलेल्या पोरांनी. त्यानं आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या.”

“आणि शेवटच्या वर्षी, ज्याच्या हातावर सगळा संघ चालतो त्या क्वार्टरबॅकचाच खांदा निखळला, ते? सरावाला धड छप्पर नव्हतं, ते? त्याच्या हाताखालची बहुतेक सगळी पोरं पदवी घेऊन बाहेर पडली, ते नाही आठवत तुला?”

“मग त्याला प्राध्यापक करायचं होतं, बाबा. गुडघा का नाही टेकला, तेवढं सांग.”

जुनीबाई कॉफी ओतता ओतता म्हणाली, “अरे, घटस्फोटाचे खटलेसुद्धा इतके चालत नाहीत. पेज निवली बघा.”

तेवढ्यात डेल्मरचा मुलगा आत आला. कामाच्याच कपड्यांत होता. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, पण बसला नाही.

“डॅडी, जरा बाहेर येता?”

“इथंच बोल की. घरचीच माणसं आहेत.”

पोरगं घुटमळलं. मग म्हणालं, “बुधवारी मी कोर्टात चाललोय. नाव बदलून घेतोय. आईच्या वडिलांचं घेणार, ओरेन. जानेवारीत आमचं बाळ येईल, त्याच्या आत झालेलं बरं. तुम्ही सोबत यावं असं वाटलं.”

वेल्डनने बशीत तोंड घातलं. आणि डेल्मर, काय सांगावं, डेल्मर जे पाठ होतं तेच बोलला.

“पण त्या माणसाला न्याय मिळालाच नाही रे! क्वार्टरबॅकचा खांदा...”

“डॅडी.”

“...आणि मार्लोला हरवलं होतं त्यानं, तू जन्मलास त्याच आठवड्यात...”

“डॅडी, ऐका.” त्याचा आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “शाळेत मला पोरं चिडवायची तेव्हा मी रडत घरी यायचो. तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर बसवून कोच का हरला ते समजावून सांगायचात. मीठदाणी इकडे, मिरीदाणी तिकडे. माझा जन्म गेला तुम्हाला त्याची बाजू घेताना बघत. माझी एकदा घ्यायची होतीत.”

तो डोक्यावरची टोपी सारखी करून निघून गेला. डेल्मरने पुन्हा काटा उचलला, पण खाल्लं काहीच नाही. आम्ही निवलेल्या पेजेत चमचे फिरवत बसलो. एरवी जगातल्या सगळ्या गोष्टींवर आमच्याकडे मत असतं.

मंगळवारी संध्याकाळी डेल्मरचा फोन आला. “उद्या मोकळा आहेस का? माझ्याबरोबर चल. एकट्यानं आत जाववणार नाही.” नोरीन असती तर तीच गेली असती. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

कोर्ट म्हणजे टपाल कचेरीच्या वरचं एक लहानसं दालन. आम्हाला बघून मुलगा उठून उभा राहिला. डेल्मर त्याच्या शेजारी बसला. लग्नाचा कोट घातला होता, तो पोटावर मिटत नव्हता. न्यायाधीश बाई साठीच्या, आमच्याच भागातल्या. मागे भिंतीवर वेलबर्नचा झेंडा होता.

“लॅडनर हॅग्लर,” बाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. “कोचवरून?”

“हो मॅडम,” मुलगा म्हणाला.

“कर्ज, खटला, काही चुकवायचं नाही ना?”

“नाही मॅडम. नुसतं नकोसं झालंय.”

बाईंनी मान हलवली, सही करायला पेन उचललं आणि हात तसाच राहिला. आमच्याकडच्या माणसांचं हे असंच आहे, न्यायासनावर बसवा नाहीतर मरणशय्येवर झोपवा. त्या डेल्मरकडे बघून हसल्या. “तुम्ही वडील? मी होते हो त्या दिवशी मार्लोच्या मैदानावर. तुम्हाला सांगते, मला कधीच पटलं नाही लोकांचं. त्या माणसावर फार अन्याय झाला. क्वार्टरबॅक धड असता तर गोष्ट वेगळी होती. काय वाटतं तुम्हाला?”

मी डेल्मरकडे बघितलं. एवढ्या वर्षांत एकाही माणसाने त्याला हे म्हटलं नव्हतं. मी नाही, वेल्डनने नाही, नोरीननेसुद्धा नाही. आणि आता खुद्द न्यायाधीश विचारत होत्या, वर वेळ देत होत्या. मुलाने डोळे मिटून घेतले. पुढे काय येणार हे त्याला पाठ होतं.

डेल्मर उठला. टोपी हातात घट्ट धरलेली होती.

“तो हरला, मॅडम,” तो म्हणाला. “गुडघा टेकायला हवा होता, त्यानं टेकला नाही. त्याचं जाऊ द्या आता. माझ्या ओरेनचं तेवढं करा.”