दोन गाठींची पन्नी

बाई कशालाच गाठ मारत नसत. तांदळाच्या पिशवीचं तोंड उघडं, डब्याच्या फडक्याची टोकं नुसती खोचलेली. एकदा बाजारातून येताना मी त्यांच्या वांग्यांच्या थैलीला गाठ मारली, तर भररस्त्यात थांबून सोडत बसल्या. म्हणाल्या, "सांडली त सांडली, काकू."

सिंदी गावात आमच्या शेजारीच राहायच्या. कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आणि सांगते काय, आधी त्यांच्याइतकी पक्की गाठ गल्लीत कुणाची नव्हती! गाईचा घास प्लास्टिकच्या पन्नीत घालायच्या, मुंग्या लागू नयेत म्हणून दोन गाठी मारायच्या आणि फाटकाला लटकवायच्या. आम्हीही तसंच करायचो. गुरं चरायला नेणारा गायकी पन्नीची गाठ सोडून घास चारायचा. तो नसला की गुरं पन्नीसकट ओढून गिळायची, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गल्लीतल्या मारोतरावांची ढवळी गाय पोट फुगून मेली. डॉक्टरांनी पोट फाडलं, तर आत पन्न्यांचा हा एवढा गोळा. वरचीच पन्नी दोन गाठींची.

मारोतराव म्हणाले, "बाई, तुमची एकटीचीच थोडी होती!"

"पण माही होती ना."

ती पन्नी धुऊन त्यांनी बरणीत घातली. कचऱ्याच्या ढिगाखालची माती आणून त्यातले जंतू पाण्यात वाढवले, ते बरणीत सोडले. "दुसरं काही खायले द्यायचं नाई. उपाशी राह्यले की पन्नीले तोंड लावतीन." रोज बरणी उजेडात धरायच्या. "ही एक तरी माह्या डोळ्यांदेखत संपली पाह्यजे, काकू."

गल्लीला तेवढंच हवं होतं. समोरची शोभा कचऱ्याची पन्नी कुंपणावरून टाकून ओरडायची, "बाई, तुमच्या जंतूंले पाहुणचार!"

"त्यायचं जेवण लय सावकाश असते वो. आपला हात लय चलाख," म्हणत बाई वाकून ती उचलायच्या. मग माझ्याकडे बघून हळूच, "पाह्यलं? माह्यामुळे लोकायले फेकाले बहाणा भेटला."

गुडघे गेले, तेव्हा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. निघताना बरणी माझ्या हातात दिली. पन्नी खरखरीत झाली होती, कडेला विरली होती. गाठी मात्र जशाच्या तशा. "आत जंतू पोचतच नाई," म्हणाल्या, आणि गाडीत बसल्यावरही काचेतून बरणीकडेच पाहत राहिल्या.

बाई तिकडेच वारल्या. आता गाय आली की मी हातातलं काम टाकून फाटकाशी जाते, पोळी तळहातावर धरते. तिची खरबरीत जीभ हाताला लागते, आणि माझी नजर खिडकीतल्या बरणीकडे जाते. दोन्ही गाठी अजून आहेत.