लॅबवाल्या आक्काचा पेनड्राइव्ह

आमच्या कॉलेजातल्या लॅबवाल्या आक्काला ‘नेक्स्ट’ या बटणाचा मनस्वी राग होता. सॉफ्टवेअर घालताना संगणक सारखं काहीतरी विचारी आणि आक्का त्याला तोंडावर सुनावी, “किती इचारशील रं? जेवायला बसलेल्या पाव्हण्यालाबी कुणी इतकं इचारत न्हाय.”

आक्का वडगावच्या विणकराच्या घरातली. बेळगावातल्या आमच्या कॉलेजचे सगळे संगणक तिच्या ताब्यात होते आणि मी शेजारच्या ग्रंथालयात. वयानं ती माझ्याएवढीच, पण प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळे तिला आक्काच म्हणत. दर उन्हाळी सुट्टीत सगळ्या संगणकांवर नव्यानं विंडोज घालायचं काम तिच्याकडे असे. एकेका यंत्रापुढं बसून ‘अ‍ॅक्सेप्ट’, ‘नेक्स्ट’ दाबता दाबता तिची सुट्टी संपून जाई.

शेवटी तिनं खटपट करून स्वतःचा पेनड्राइव्ह तयार केला. विंडोज जे जे विचारील त्याची उत्तरं त्यात आधीच भरलेली. पाठोपाठ लिहायची सॉफ्टवेअरं, मराठी-कन्नड कीबोर्ड, प्रिंटर, सगळं आपलं आपण बसायचं. पडद्यावर एकही प्रश्न येत नसे. पेनड्राइव्ह लावून ती माझ्याकडे चहाला येई.

“आत काय चाललंय गं?” मी विचारी.

“बसतंय गुमान. तू च्या ओत.”

जूनमध्ये कॉलेज उघडलं. मराठीचे एक सर निवृत्तीला आले होते. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या विणकरांच्या बोलण्यातले शब्द ते कित्येक वर्षं गोळा करत होते. सांगणारी बरीच म्हातारी माणसं आता राहिली नव्हती. ते सर अचानक ग्रंथालयात येऊन नुसते बसू लागले. पुस्तक उघडायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. मी फारच खोदून विचारलं, तेव्हा हळूच म्हणाले, “माझं सगळं लिखाण गेलं हो. फाइल उघडली की नुसत्या इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.”

“आक्काला सांगितलंत?”

“तिनं सुट्टीत एवढी मेहनत घेतलीय. तिला कुठं दुखवू?”

मी तशीच लॅबमध्ये गेले. ऐकताच आक्काचा चेहरा उतरला. सर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहीत; तो यंत्रात नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसत. तो आता कुणी वापरत नसेल असं धरून तिनं पेनड्राइव्हमध्ये घातलाच नव्हता. ती धावत स्टाफरूममध्ये गेली, एका जुन्या डिस्कमधून तो फॉन्ट शोधून बसवला आणि फाइल उघडली. काना-मात्रेसकट पहिलं पान समोर आलं. सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि उभ्या उभ्याच वाचू लागले.

आक्काला मात्र ते लागलं. संध्याकाळी बसची वाट बघताना म्हणाली, “मशीननं कुणाला तरास देऊ नये म्हणून त्याचं तोंड बंद केलं. पण माणसांना मी तरी इचारायचं हुतं का न्हाय?”

पुढच्या सुट्टीच्या आधी ती प्रत्येकाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. “सर, तुम्ही कशात लिहिता? मॅडम, ह्यातलं काय न्हाय दिसलं तर तुमचं अडंल?” काहीजण वैतागले. तरी तिनं कुणाला सोडलं नाही, माळीकाकांनाही नाही. ते दुपारी लॅबमध्ये भजनं ऐकायला येत.

नंतर तिच्या नवऱ्याची हुबळीला बदली झाली आणि आक्का गेली. जाताना नव्या माणसाच्या हातात पेनड्राइव्ह देऊन म्हणाली, “हे चालू करायच्या आधी एक फेरी मारून ये, बाबा.”

गेल्या वर्षी सासूबाई कंग्राळी गावातलं घर सोडून कायमच्या आमच्याकडे आल्या. त्यांना काही करावं लागू नये म्हणून नवरा त्यांची खोली आधीच लावून ठेवणार होता. मी त्याला थांबवलं. त्या आल्यावर रिकाम्या खोलीत चटई अंथरली, त्यांच्याशेजारी बसले आणि विचारलं, “आई, खाट कुठं लावूया?”

त्यांनी उठून खोलीत एक फेरी मारली.

“खिडकीशी लाव,” त्या म्हणाल्या. “आन् एक खुर्चीबी ठेव. तू येऊन बसशील की.”