इथे टायपिस्ट बसतात

नवऱ्याचं घर सोडून मी पडघ्याजवळच्या आमच्या गावी परत आले, तेव्हा विहिरीवर, बांधावर, एसटीच्या थांब्यावर एकच प्रश्न असायचा. "बाय, सासरला कवा जानार?" नवऱ्याचा माझ्यावर हात चालतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी विचारायचेच.

मी मॅट्रिक होते, टायपिंग शिकले होते. त्या जोरावर भिवंडीतल्या एका सायझिंगच्या कारखान्यात, म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ देतात तिथल्या ऑफिसात, नोकरी मिळाली. सत्तरनंतरची ती सुरुवातीची वर्षं. ऑफिसात बाईमाणूस मी पहिलीच.

पलीकडच्या शेडमधले माग दिवसभर खडखडत. आत मात्र चिडीचूप. मॅनेजर आणि तीन कारकून, सगळ्यांची टेबलं भिंतीला लावलेली. कुणी कुणाला साधं "जेवलात का" विचारत नसे. पहिल्या दिवशी मी भाकरी आणि सुकटीची चटणी नेली होती. एकट्यानं खायची आमच्याकडे रीतच नव्हती, म्हणून शेजारच्या कारकुनापुढे डबा धरला. त्यानं नुसती मान हलवली आणि परत भिंतीकडे वळला. मॅनेजर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, डबा आपापल्या टेबलावर खायचा. आणि इथे घरचं बोलायचं नाही. कामाचं बोला."

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "माणसं हायत का भुतं? ती बोलत न्हाईत तं तू बोल."

बोलून पाहिलं. शेजारच्याला विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" तो म्हणाला, "कालच्या मालाचं चलन टाईप झालं का?" सुताच्या पोत्यांआड जाऊन मी रडलेसुद्धा. मी बाई म्हणून, खेड्यातली म्हणून असं वागतात, असं वाटायचं. पण ते आपसातही तसेच होते. हळूहळू मीही मान खाली घालून काम करायला शिकले. आवडलं म्हणून नाही, दुसरा इलाज नव्हता म्हणून.

मग एका दुपारी नवरा ऑफिसात येऊन उभा राहिला. बरोबर त्याचा भाऊ. मी नोकरी करते हे त्याला गावातल्याच कुणीतरी सांगितलं असणार.

"चल घरी. लई झाली नोकरी," तो म्हणाला.

मॅनेजरनी मान वर केली. "काय काम आहे आपलं?"

"काम कसलं? माझी बायको हाय ती."

"इथे टायपिस्ट बसतात," मॅनेजर म्हणाले. आवाज रोजचाच. "कुणाची बायको बसत नाही. मालाचं काही असेल तर सांगा, नाहीतर बाहेर व्हा."

तो शिवी देऊन माझ्या अंगावर धावला. तेवढ्यात तिन्ही खुर्च्या एकदम सरकल्या. मुलांबद्दल विचारल्यावर चलन विचारणारा तो किडकिडीत कारकून माझ्या आणि नवऱ्याच्या मधे येऊन उभा होता. दुसरे दोघे त्याच्या बाजूला. नवऱ्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. भावानं त्याची बाही ओढली, "चल, हितं नको." आणि दोघं जिना उतरून गेले.

मला वाटलं, आता प्रश्न सुरू होतील. कोण होता, काय झालं, कधीपासून. तिघं जागेवर जाऊन बसले. मॅनेजर म्हणाले, "बाई, ते पत्र आजच्या टपालात जायला हवं." मी टाईप करायला बसले. पत्रात चुका झाल्या. त्यांनी त्या पेनानं दुरुस्त केल्या आणि सही केली. एरवी एका चुकीसाठी सगळा कागद परत पाठवणारा माणूस!

संध्याकाळी मी निघाले, तर तो किडकिडीत कारकून थोडं अंतर ठेवून मागून येत होता. मी एसटीत बसेपर्यंत तो स्टँडवर पानाच्या टपरीपाशी थांबला. पुढे कितीतरी आठवडे असाच येत राहिला. त्याची खोली उलट्या दिशेला आहे, हे मला नंतर हमालाकडून कळलं. मी एकदा थांबून "उगाच त्रास तुम्हाला" म्हटलं, तर तो म्हणाला, "मला पान खायचं असतं."

काडीमोडासाठी मी कोर्टात गेले तेव्हा साक्षीला तोच आला. "हा माणूस ऑफिसात येऊन बाईंच्या अंगावर धावला. मी पाहिलं." एवढंच बोलला. नवऱ्याच्या वकिलानं फिरवून फिरवून विचारलं, "बाईंचं तुमच्याशी बोलणं-चालणं असतं का?" तो म्हणाला, "कामापुरतं." ते अक्षरशः खरं होतं. वकील कागद आवरून खाली बसला. मला काडीमोड मिळाला.

त्या माणसांबद्दल मला आजही काही माहीत नाही. मॅनेजर मूळचे कुठले, कारकुनाला मुलं होती की नव्हती, देव जाणे. पण इतक्या अदबीनं मला तोवर कुणी वागवलं नव्हतं, सख्ख्या नातलगांनीही नाही.

पुढे मला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली. कारखाना सोडायच्या दिवशी मी मॅनेजरना म्हणाले, "साहेब, त्या दिवशी तुम्ही नसता तर..."

"कोणत्या दिवशी?" त्यांनी विचारलं. आणि खरंच आठवत नसल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

शाळेतली मंडळी मोठी बोलकी. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात हो?" मी म्हटलं, "हजेरीपट माझ्याकडे द्या, मी लिहिते." त्या बाई पुढे वर्षभर मला आखडू म्हणत होत्या.