सुरगाण्याला समुद्र आला तेव्हा

एका ऑफिसात दहा वर्षं काढली की प्रमोशन होवो न होवो, किस्से मात्र आपोआप साठतात!

दोन हजार सालाच्या सुमारास मी नाशिकच्या एका नकाशावाल्या ऑफिसात होतो. जिल्ह्यातले रस्ते कॉम्प्युटरवर चढवायचे, एवढंच काम. रस्त्यावरच्या प्रत्येक पॉइंटला दोन आकडे द्यायचे: रस्ता सुरू झाला तिथून तो किती अंतरावर, आणि समुद्रसपाटीपासून किती उंच. ऐकायला किती सोपं!

*

उंची भरायची राहिली की कॉम्प्युटर गुपचूप शून्य टाकायचा. आमची ऑपरेटर सुनीता. तिनं एकदा सुरगाण्याचा अख्खा घाटरस्ता उंचीशिवायच सेव्ह केला. देवरे साहेब स्क्रीनपुढे थबकले.

"सुनीताताई, सुरगाण्याला समुद्र कधी आला?"

"आत्ताच, साहेब. भरती आहे. ओहोटी लागली की उंची भरते!"

*

एकदा कॉलमच उलटे झाले. अंतर उंचीच्या जागी! दिंडोरीजवळचा एक पॉइंट बारा हजार मीटरवर. एव्हरेस्ट पार खाली राहिलं.

सर्व्हेला जाणारे गांगुर्डे मूळ दिंडोरीचे, घरची द्राक्षबाग. स्क्रीन बघून म्हणाले, "तरीच म्हणलं, यंदा बागेत एवढी थंडी कशी!"

*

वणीजवळच्या घाटात नकाशावरचं अंतर जीपच्या मीटरशी जुळेना. नकाशा कमीच दाखवायचा. देवरे साहेब ड्रायव्हर रफिकभाईंवर उखडले, "मीटर दुरुस्त करून घ्या!"

रफिकभाई शांत. "साहेब, तुम्ही वरून बघता. मला चढावं लागतं, उतरावं लागतं, वळावं लागतं!"

त्या दिवसापासून घाटातलं अंतर आम्ही जीपचंच धरू लागलो.

*

एका पाड्यावर गांगुर्डे आणि मी यंत्र लावून बसलो होतो. एका आजोबांनी विचारलं, "काय मोजता?"

"उंची, बाबा."

आजोबांनी टोपी काढली अन् जीपला पाठ लावून ताठ उभे राहिले. "घ्या!"

गांगुर्डे भला माणूस. टेप काढून उंची घेतली. तेवढ्यात मागे रांग लागली, मग गुरुजी शाळाच घेऊन आले! संध्याकाळी साहेबांचा फोन, "किती झालं?"

"रस्ता दोन किलोमीटर, माणसं एक्केचाळीस!"

*

पेठच्या बाजूला एका गावाला पुढे बस सुरू झाली. पण मला आठवतो तो त्याआधीचा दिवस. तिथल्या सरपंचबाई तडक ऑफिसात आल्या.

"आमच्या पोरी दोन तास चालून शाळा गाठत्यात. बस मागितली तर सांगतात, नकाशात वाटेवर साठ मीटरचा कडा हाय. कुठं हाय तो कडा?"

आम्ही स्क्रीनवर बघितलं. खरंच, सातव्या किलोमीटरला रस्ता सरळ खाली कोसळत होता! दोन वेगळे सर्व्हे तिथं जोडले होते आणि उंचीचे आकडे जुळले नव्हते. सुनीता हळूच म्हणाली, "साहेब, चूक आपलीच दिसते." साहेब ऐकेनात. "आपलं यंत्र चुकत नाही. चला, जागेवर जाऊन बघू."

गेलो. सरपंचबाईही जीपमध्ये. यंत्र हातात धरून साहेब एकेक पाऊल टाकत सातव्या किलोमीटरवर आले आणि थांबले. सपाट रस्ता. बाजूला नागलीचं शेत. साहेबांचे कान लाल झाले.

सरपंचबाई लगबगीनं पुढं झाल्या. साहेबांना डोक्यापासून पायापर्यंत काळजीनं न्याहाळलं.

"साहेब, साठ मीटरवरून पडलात. कुठं लागलं तर नाय ना?"