खंडेनवमीचा लाल रंग

मामांच्या हातात सिलिंडर दिलं की ते आधी त्याच्याकडे बघत नसत. ते उलटं करत, तळ वर घेत आणि कानाशी धरून ऐकत राहत. आत पावडर सरसर सरकली तर मान हलवून सुलटं ठेवत. आवाज आला नाही, तर समोरच्याकडे बघून हळूच म्हणत, "झोपली हो ही. उठवा तिला." मग तळाला रबरी हातोडीचे चार ठोके, पुन्हा उलटं, पुन्हा कान. पावडर जागी होईपर्यंत मामा कुणाशी बोलत नसत.

परभणीला स्टँडच्या मागे त्यांची टपरी होती. आग विझवायची लाल सिलिंडरं तपासायची आणि भरायची, एवढाच त्यांचा धंदा. जिनिंग, पेट्रोल पंप, टॉकीज, सगळीकडे ते सायकलवर जात. गावाने त्यांचं नाव नळकांडेवाले मामा ठेवलं होतं. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही, कारण पाटीवरही त्यांनी ते कधी लिहू दिलं नाही.

सिलिंडरातली गॅसची छोटी कुपी ते सराफाच्या काट्यावर तोलून आणत. वजन घटलं म्हणजे कुपी गळते आहे. सराफ दर वेळी विचारायचा, "मामा, आज काय मोडायला आणलंय?" मामा गंभीरपणे सांगत, "जीव हाय शेठ, नीट तोला." सराफही मग चष्मा लावून नीट तोलायचा.

पाथरीच्या एका जीपवाल्याने चोरीच्या भीतीने सिलिंडर सीटखाली तारेने करकचून बांधलं होतं. मामांनी विचारलं, "आग लागली तर तार कशानं सोडता?" तो म्हणाला, "पक्कड हाय की." "कुठाय?" "टपावर, पेटीत." मामा तिथेच रस्त्याकडेला बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि मग स्वतःच्या हाताने तार सोडवून पत्र्याचा पट्टा बसवून दिला.

"लाल रंगाला आग भीत न्हाई," हे मात्र ते हसत म्हणत नसत. तुम्ही आम्ही भिंतीवर लाल सिलिंडर दिसलं की निर्धास्त होतो. मामा दिसेल ते सिलिंडर उतरवून घेत.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मोटारींच्या शर्यतीमुळे. जिंतूर रस्त्यावर दिलीपचं गॅरेज होतं आणि मी तिथे मेकॅनिक होतो. दिलीपला वेगाचं वेड. त्याने एक जुनी मोटार विकत घेतली, आम्ही दोघांनी वर्षभर ती खोलली आणि जोडली, आणि औरंगाबादहून निघणाऱ्या एका रॅलीत नाव दिलं. गाडी तो चालवणार, शेजारी नकाशा घेऊन मी. नियमांच्या पुस्तकात एक अट होती: गाडीत मान्यतेचा शिक्का असलेलं सिलिंडर हवं, शिक्का आणि भरल्याची तारीख वाचता आली पाहिजे, आणि पट्टा बांधून बसलेल्या चालकाचा हात तिथे पोचला पाहिजे. हे नसेल तर गाडी सुटणार नाही.

दिलीपने बाजारातून एक चकचकीत सिलिंडर आणलं. मामांनी ते सगळीकडून फिरवून पाहिलं.

"शिक्का कुठाय?"

"मामा, शिक्क्यानं आग विझते का?"

"न्हाई. पण शिक्का असला म्हंजी कुणीतरी आदी ते आगीवर मारून बगितल्यालं असतंय. ह्याच्यावर पैला प्रयोग तुमीच करणार का?"

दिलीपने ते सिलिंडर बाजूला ठेवलं. मग त्याने आग विझवायचं गॅसचं सिलिंडर सुचवलं, इंजिनात पावडर बसायला नको म्हणून. मामा म्हणाले, "खोलीत चालंल. उघड्या माळावर वारं सुटलं की गॅस उडून जाईल. पावडरच घ्या." शेवटी मुंबईहून शिक्क्याचं पावडरचं सिलिंडर मागवलं. ते यायला तीन आठवडे लागले.

मामांनी ते दोन सीटच्या मधे, लोखंडी पट्ट्यात, बोल्टने बसवलं. मग दिलीपला पट्टा बांधून बसवलं आणि डोळे मिटायला लावले. "काढा." दिलीपचा हात गिअरवर गेला. "पुन्यांदा. धुरात काय दिसत नसतंय." असं वीस वेळा केलं असेल. मलाही करायला लावलं. "आन् बॉनेट पुरतं उघडू नका. फट करायची, फटीतनं मारायचं. उघडलं की वारं आत जातंय, आग तुमच्या तोंडावर येती." आम्ही हसत होतो, पण शिकत होतो.

आता माझा पराक्रम सांगतो. रॅली दसऱ्यानंतर चार दिवसांनी होती. खंडेनवमीला गॅरेजमध्ये पाने, जॅक, वेल्डिंगचं यंत्र, सगळं धुऊन पुसून पूजेला मांडायची आमची पद्धत. प्रवासात त्या सिलिंडरला दोन ओरखडे आले होते. पूजेला असं कसं ठेवायचं, म्हणून मी त्याला ऑइल पेंटचे दोन हात दिले, टोपणापासून तळापर्यंत. वर हळदकुंकू, झेंडूची माळ. इतकं देखणं झालं होतं की दिलीपने येईल त्याला दाखवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा शेवटच्या तपासणीला आले. मी शाबासकीची वाट बघत उभा. त्यांनी माळ बाजूला केली आणि अंगठ्याने शिक्क्याची जागा चाचपली. अक्षरं रंगाखाली गेली होती, तारीखही. मग त्यांनी वरची पिन दोन बोटांत धरून ओढली. ती हलली नाही. पुन्हा ओढली, हलली नाही.

"रंग कुणी दिला, भाऊ?"

"मी दिला, मामा."

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते तिथल्या जुन्या टायरवर बसले आणि करगोट्याला बांधलेली एक पिन काढून माझ्या हातात दिली. ती मधोमध वाकलेली होती आणि तिच्यावर लाल रंगाची खपली होती.

"विद्यापीठाच्या नामांतराची दंगल झाली त्या साली आमी जिनिंगला होतो," ते म्हणाले. "तिथं भिंतीला असंच एक टांगल्यालं. आदल्या दसऱ्याला सगळ्या मशिनीची पूजा, तर ह्यालाबी म्हणून आमीच रंग दिला. लय हौसेनं. पुढं पावसाळ्यात, भर दुपारी निरोप आला, गावात आपली वस्ती पेटवलीय. आमी ते काढलं, सायकलला बांधलं आन् निगालो. पोचलो तवा आगीनं आमच्या घराचं नुसतं पुढचं छपर धरलं होतं. दोन मिंटाचं काम होतं भाऊ. पिन निगंना. रंगानं धरली होती. दगडानं ठोकली तर वाकली. तवर माय भिंतीवरचा फोटो काढायला आत गेली."

दिलीपने विचारलं, "मग?"

"हाय. मायबी हाय, फोटोबी हाय. हात भाजले. बोटं आखडली ती आखडलीच."

त्या साली आमच्या गल्लीत सगळे दारं लावून बसले होते, मीही त्यांतलाच. कुणाचं घर जळतंय हे आम्ही रेडिओ आणि कुजबुजीतून ऐकलं आणि जेवलो. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, आणि अजूनही ती पुरती गेलेली नाही.

नवं सिलिंडर मागवायला वेळ नव्हता. मामांनी दोन दिवस टपरी बंद ठेवली. पातेलंभर थिनर, चिंध्या आणि ब्लेड घेऊन ते गॅरेजमध्येच बसले. शिक्क्याचं एकेक अक्षर त्यांनी असं मोकळं केलं की एक रेघ खरचटली नाही. पिन काढली, पुसली, घातली, काढली, घातली. पावडर मलमलीतून चाळून परत भरली. मी शेजारी बसून चिंध्या पुरवत होतो. जाताना एवढंच म्हणाले, "आता फूलबी घालू नका."

सिलिंडर मात्र खरजुल्या कुत्र्यासारखं दिसत होतं. औरंगाबादला तपासनीसाने ते पाहून भुवया चढवल्या. "हे असं खरवडलेलं का?" दिलीपने सांगितलं, "रंग चुकून लागला होता." त्याने शिक्का वाचला, तारीख वाचली, पिन ओढून पाहिली. मग सिलिंडर उलटं करून कानाशी नेलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्याने पुढे जायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी खडकाळ रस्त्यावर पेट्रोलची नळी फुटली. बॉनेटच्या कडेने आधी धूर आला, मग जाळ. मी पट्ट्यात अडकलो होतो. दिलीपचा हात न बघता मधे गेला. खाली उतरून त्याने दोन बोटांनी पिन ओढली, बॉनेटला फट केली आणि फटीतून पावडर मारली. सगळीकडे पांढरं झालं. मी सुटून बाहेर आलो तेव्हा आग विझली होती.

शर्यत तिथेच संपली. आम्ही मोटार ट्रकवर घालून परभणीला आणली. मामा गॅरेजवर आले. जळलेल्या वायरींकडे त्यांनी बघितलंही नाही.

"पिन?"

"अलगद निघाली, मामा," दिलीप म्हणाला. "दोन बोटांत."

"कुठाय ती?"

दिलीपने खिशातून काढून दिली. मामांनी ती उजेडात धरून बघितली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि चहा न घेताच सायकलवर बसले.

पुढे विद्यापीठाला अखेर ते नवं नाव मिळालं त्या संक्रांतीला मामा नवा सदरा घालून गॅरेजवर तिळगूळ द्यायला आले होते. जाता जाता भिंतीवरचं सिलिंडर उतरवून कानाशी धरलं. "जागी हाय," म्हणाले. त्याच उन्हाळ्यात ते गेले. आम्हाला कळलं तेव्हा चार दिवस झाले होते.

मी आणि दिलीप घरी भेटायला गेलो. मामांची आई आधीच गेलेली होती. भिंतीवर कडेने जळलेल्या चौकटीतला तो फोटो होता, आणि त्याच खिळ्याला एका दोऱ्यात दोन पिना होत्या, एक वाकडी आणि एक सरळ. मी सरळ पिनेकडे बघत राहिलो. मामींच्या ते लक्षात आलं.

"तुमचीच हाय ती," त्या म्हणाल्या. "आणली त्या दिशी आत आले ते थेट सासूबाईंजवळ बसले. त्यांची बोटं उघडत नव्हती. ह्यांनी एकेक बोट हळूच उघडलं, पिन तळहातावर ठेवली आन् म्हणले, माय, ही निगाली."