आरमोरीच्या रेणाबाई

रेणाबाईंना "भाजी कशी झाली?" असं सहज विचारायची सोय नव्हती. आरमोरीच्या शाळेत बदली होऊन मी त्यांच्या शेजारी राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात वाटीत भरली वांगी घेऊन त्यांच्याकडे गेले. समोर आल्या त्या उंच, गोऱ्यापान, भुऱ्या केसांचा अंबाडा घातलेल्या बाई. अंगावर सुती साडी आणि साडीवर ग्रीसचे डाग पडलेला पुरुषी शर्ट. त्यांनी उभ्या उभ्याच एक घास खाल्ला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मीठ जास्त झालं. वांगं चांगलं आहे." माझा चेहरा पडला असावा, कारण लगेच त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा नं ताई. चहा करतो. माहा चहा काही चांगला नसते, पण गरम असते."

इथल्या बायकांसारखंच त्या "करतो, जातो" म्हणायच्या. मूळ नाव रेनाटे. जर्मनीत त्या एका कारखान्यात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवत होत्या आणि आरमोरीचे मिलिंदभाऊ त्याच कारखान्यात काम शिकायला गेले होते. दोघांनी लग्न केलं. भाऊंना गावात भातगिरण्यांची मशीनं दुरुस्त करायचं वर्कशॉप काढायचं होतं. थोडे दिवस राहून पाहू, म्हणून रेणाबाई आल्या आणि इथल्याच झाल्या. मुलगी सुजाता इथेच जन्मली. वर्कशॉपमध्ये लेथवर बाई उभी आहे हे पाहायला सुरुवातीला माणसं सायकली थांबवत. पुढे त्यांना दुसरीच सवय लागली. गिरणीवाला आधी भाऊंना विचारायचा, "आज होईन का?" भाऊ म्हणायचे, "होऊन जाईन नं!" मग तो मुकाट्यानं आत जाऊन रेणाबाईंना विचारायचा. त्या मान वर न करता सांगायच्या, "नाई. उद्या दुपारी." आणि तो निवांत घरी जायचा.

मराठी त्यांना शिकवली सासूनं, चंद्रभागाबाईंनी. साऱ्या वॉर्डाच्या त्या आजी. लोकांच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, रोवणी करून त्यांनी मिलिंदभाऊंना शिकवलं होतं. दुपारी दोघी अंगणात शेंगा सोलत बसायच्या आणि आजी तक्रार करायच्या, "थोडं गोड बोलत जा वं रेणा. लोकाईले वाईट वाटते."

"मशीनले गोड बोलून चालते का, आई?"

"माणूस मशीन आहे का?"

यावर रेणाबाई कबूल करायच्या, "नाई. हे तुमचं बरोबर आहे." पण वागणं काही बदलायचं नाही.

मिलिंदभाऊंना खर्र्याची सवय होती. दिवसभर तोंडात तंबाखू-सुपारीचा तोबरा. "तू आतून सडून राह्यला, मिलिंद," असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि भाऊ हसायचे. मग एक दिवस गालाच्या आत आलेला फोड बरा होईना. नागपूरला नेलं. माझा भाऊ तिथे राहतो, म्हणून मीही सोबत गेले. तपासणीत कॅन्सर निघाला. अर्धा जबडा काढावा लागणार होता, तोही लवकर.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आजींनी आणि भाऊंच्या चुलतभावानं ठरवून टाकलं, की भाऊंना काही सांगायचं नाही. "ऐकूनच मरीन माहा लेक," आजी म्हणाल्या. त्यांनी सुनेपुढे पदर पसरला. "तुह्या पाया पडतो रेणा, याच्यात नको बोलू." रेणाबाई भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे." एवढे दोन शब्द त्यांना किती जड गेले, ते मी पाहिलं.

सकाळी खोलीत गेलो तर मिलिंदभाऊ पिशवी भरत होते. म्हणाले, "चला घरी. साध्या फोडासाठी जबडा कायले कापू? मी सही नाई करत. धानोऱ्याकडे एक वैदू आहे, त्याचा लेप लावतो."

चुलतभाऊ घाईघाईनं म्हणाला, "डॉक्टर म्हणते तं करून टाक नं दादा, छोटंसं आहे."

"छोटंसं आहे तं कापते काऊन?"

रेणाबाईंनी सासूकडे पाहिलं. आजींनी मान हलवली, नाही म्हणून. रेणाबाई भाऊंच्या समोर खाटेवर बसल्या आणि त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"मिलिंद, हा फोड नाई. कॅन्सर आहे."

आजींनी तोंडाला पदर लावला. भाऊंनी विचारलं, "मरीन का मी?"

"मले माहीत नाई. आता कापलं तं वाचू शकतो, असं डॉक्टर म्हणते. वैदूकडे गेला तं मरशील."

भाऊंनी डोळे मिटले. ते म्हणाले, "कालपासून तुमचे सगळ्याईचे तोंडं पाहून राह्यलो. मले वाटलं, मी आजच जातो का उद्या. आशा आहे म्हणते नं? मंग आण तो कागद."

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाहेर बाकावर रेणाबाईंनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा युद्धात मारले गेले होते. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या लहान मुलीला, म्हणजे रेणाबाईंच्या आईला, सांगायचं कसं, म्हणून तिला म्हणत राहिले, बाबा येतील. ती रोज शाळा सुटली की स्टेशनवर जायची. पुढे एका मैत्रिणीच्या तोंडून तिला खरं कळलं. "माहा आजोबा मेला, ते तिनं माफ केलं," रेणाबाई म्हणाल्या. "स्टेशन नाई माफ केलं."

ऑपरेशन चांगलं झालं. भाऊंचा चेहरा एका बाजूनं बसला, बोलणं बोबडं झालं, खर्रा कायमचा सुटला. पण आजी सुनेशी बोलेनात. जेवण वाढायच्या, चहा द्यायच्या, शब्द मात्र नाही. काही महिन्यांनी तपासणीत सगळं साफ निघालं आणि भाऊ वर्कशॉपला जायला लागले. त्या दुपारी आजी अंगणात शेंगांचं सूप घेऊन बसल्या होत्या. रेणाबाई जवळून जाताना त्यांनी सूप पुढे सरकवलं आणि खालमानेनंच म्हणाल्या, "सोल." रेणाबाई ग्रीसच्या हातांनीच खाली बसल्या.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात आजींनी अंथरूण धरलं. हृदय थकलं होतं. येणारा-जाणारा म्हणायचा, "पाऊस पडला का उठून बसाल, आजी." भाऊसुद्धा तेच म्हणायचे. मी एकदा आंबील घेऊन गेले होते. खोलीत चारपाच माणसं होती. आजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "रेणा, इथी ये. हे सारे गोड बोलून राह्यले. तू सांग. मी जाऊन राह्यली का?"

रेणाबाई जमिनीवर बसल्या. सासूचे पाय त्यांनी मांडीवर घेतले. "हो, आई. डॉक्टर म्हणते, आता थोडेच दिवस."

भाऊ "अगं!" म्हणाले. पण आजींनी मोठा सुस्कारा सोडला, आणि इतके दिवस आकसलेला त्यांचा चेहरा सैल झाला. "मंग ठीक आहे. मी एकटीच समजून राह्यली होती. आता सुजाताले बोलाव. आन् झिंगे करा. डॉक्टरले विचारू नका."

सुजाता आली. वैनगंगेतली कोळंबी आणून झिंगे झाले. आजींनी चवीपुरते दोन खाल्ले, नातीला आपली लुगडी वाटून द्यायला सांगितली, भाऊंच्या लहानपणीच्या खोड्या सांगून सगळ्यांना हसवलं. दाराबाहेर कुजबुजणं बंद झालं. माणसं त्यांच्या उशाशी बसून मोकळेपणानं हसत होती, रडत होती. एका दुपारी बुद्धवंदना चालू असताना त्या शांतपणे गेल्या.

सगळे पाहुणे पांगल्यावर मी रेणाबाईंना शोधत वर्कशॉपमध्ये गेले. लेथ बंद होतं. त्या स्टुलावर बसल्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई," त्या म्हणाल्या, "घरात तिचा लेक होता, पुतण्या होता. तिनं मले विचारलं."

आणि मग त्या लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या.